अक्काच्या चूर्णाचा गुण

ता. ७ मार्च

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तू खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं. माझं विचारशील तर विचारू नकोस, आणि नाही विचारलंस तरी सांगतो.

गेल्या सोमवारी बीपी एकशे चौसष्ट भरलं. डॉक्टरीणबाईंनी पाचवी गोळी वाढवली. सकाळी तीन, दुपारी एक, झोपताना एक. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या पोटात एवढं रंगीबेरंगी कशाला? नव्या गोळीच्या खोक्यात घडी घातलेला कागद निघाला. अक्षर मुंगीएवढं, म्हणून सुनेला वाचायला बसवलं. एकवीस त्रास छापलेत. ती एकेक वाचत गेली आणि मी एकेकाला ‘आहे’ म्हणत गेलो. सतरा झाले. अठराव्याला ती म्हणाली, “बाबा, हा गरोदर बायकांचा आहे,” आणि कागद घडी करून खोक्यात ठेवून दिला. पुढचे तीन राहूनच गेले. त्यातला एखादा मला असला तर कळायचं कसं?

पाय सुजतात. संध्याकाळी मोजे काढले की काठाचा वळ तासभर जात नाही. मशीनचं पायडल मारताना पाय माझे नव्हेत असं वाटतं. आता काम तरी काय, शेजारपाजारच्या पँटी आखूड करायच्या. तेवढंही होईनासं झालं तर खिडकीशी नुसता बसून काय करू?

तू अकरा वर्षं दोन गोळ्यांवर आहेस. तुझे पाय सुजत नाहीत का? तुला झाडपाल्यातलं कळतं. काही साधं असेल तर कळव. फोनच करणार होतो, पण तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की माझं बीपी वाढतं.

तुझा,
धाकटा


ता. १६ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद. चार पानांचं रडगाणं वाचलं. त्यात कामाच्या ओळी दोन. एक, पाय सुजतात. दुसरी, झाडपाल्याचं विचारलंस. बाकी सगळं मी गेली सत्तर वर्षं ऐकतेय.

पाच गोळ्या! माणूस आहेस की औषधाचं दुकान?

सोबत पुडकं पाठवतेय. चूर्ण आहे. बत्तीस वर्षं रोपवाटिकेत काढली मी. डोळे बांधून पान चुरगळलं तरी वासावरून नाव सांगीन. सात जिन्नस आहेत. निम्मे माझ्या गच्चीवरच्या डब्यांत वाढवलेले, बाकीचे मुळ्या विकणाऱ्याकडून निवडून आणलेले. वाळवले, कुटले, तीनदा चाळले. खांदा दुखेपर्यंत कुटलंय, तेव्हा वाया घालवू नकोस. नावं सांगत नाही. सांगितली तर सातांची सात वेळा भीती वाटेल तुला. कडू म्हटलं की तू तोंड फिरवतोस, म्हणून गोडही केलंय.

सकाळ-संध्याकाळ एक चमचा, कोमट पाण्यातून. आणि काय होतं ते लिही. दर वेळी सूनबाईला वाचायला बसवू नकोस, तिलाही कामं असतात.

अक्का


ता. २८ मार्च

अक्का,

नमस्कार. पुडकं आलं. तू कुटताना खांदा दुखवून घेतलास हे वाचून वाईट वाटलं.

चूर्ण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावलं. मग भीती वाटली म्हणून डबा पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेला. त्या म्हणाल्या, “झाडपाला वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण यात काय काय आहे ते मला कळू दे. काही मुळ्या तुमच्या गोळ्यांशी भांडतात. बहिणीला नावं विचारा, तोवर घेऊ नका.”

मग मी मोजा खाली करून पाय दाखवला. त्या म्हणाल्या, “ही सूज एका गोळीची आहे. बदलून देते. आधी का नाही सांगितलंत?” मी म्हटलं, “बाई, मी तर सगळंच सांगतो.” त्या म्हणाल्या, “तेच तर. सतरा तक्रारी सांगितल्यात, त्यात खरी तेवढी राहिली.”

गोळी बदलली. आठवड्याभरात सूज उतरली. बीपी एकशे चाळीस आहे. तेव्हा तुझं चूर्ण मी घेत नाही. तू नावं कळव, बाई हो म्हणाल्या तर घेईन. रागावू नकोस. मागे तू विणलेला स्वेटर टोचतो असं लिहिलं तेव्हा आठ महिने तुझं पत्र नव्हतं. ते आठ महिने मला

(एवढं लिहून थांबलो. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, पण टाकलं नाही.)


ता. २९ मार्च

अक्का,

नमस्कार. पुडकं आलं. चूर्ण त्याच दिवशी चालू केलं. गोड आहे, घ्यायला काही त्रास नाही. गुण आहे. पायाची सूज उतरली. बीपी एकशे चौसष्टवरून एकशे चाळीसवर आलं. सून म्हणाली, “बाबा, आज कण्हला नाहीत, बरं आहे ना?”

तुझ्या खांद्याला शेक दे.

तुझा,
धाकटा


ता. ९ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. आमच्या खालच्या मजल्यावर ज्याचं दुकान आहे तोच. त्याला म्हटलं, बघा, ज्या माणसाला पाणी प्यायलं तरी ठसक्याची भीती वाटते, तो लिहितोय गुण आहे! तो म्हणाला, “अक्का, दुकान काढा.” आगाऊ आहे.

पण मला एक कळत नाही. तू गोळ्याही घेतोयस आणि चूर्णही. मग उतरवलं कुणी? रोपवाटिकेत आम्ही एका वाफ्याला दोन खतं कधी घालत नव्हतो. घातली तर रोप कशानं वाढलं ते शेवटपर्यंत कळत नाही. तेव्हा महिनाभर गोळ्या बाजूला ठेव. नुसतं चूर्ण घे. बीपीचं मशीन घरात आहे, रोज मोज. चढलं तर गोळ्या कुठे पळून जात नाहीत.

खरं सांगू? मीही कंटाळलेय. अकरा वर्षं रोज सकाळी त्या दोन गोळ्या हातावर घेते आणि वाटतं, उरलेलं आयुष्य आता हेच. ज्या बाईनं लाखभर रोपं जगवली तिला स्वतःला जगायला कारखान्यातला खडू लागतो.

लवकर कळव.

अक्का


ता. २० एप्रिल

अक्का,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण तू सांगितलंस ते करून मग लिहावं असं ठरवलं होतं. गोळ्या ठेवल्या बाजूला. नुसतं चूर्ण घेतो. आज सकाळी एकशे अठ्ठावीस, खालचं ऐंशी. डोकं हलकं. पायडल मारतो. काल एका माणसाचा कोट उसवून नवीन अस्तर लावलं, तीन तास बसलो.

तू काळजी करू नकोस. उन्हात गच्चीवर फार वेळ उभी राहू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. २ मे

धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र तेवीस तारखेला मिळालं. चोवीस तारखेपासून मीही माझ्या गोळ्या बंद केल्या. तुझ्याच मापानं चूर्ण घेतेय, सकाळ-संध्याकाळ एक चमचा. गोळ्यांचा डबा चष्मेवाल्याकडे ठेवायला दिलाय, नाहीतर सवयीनं हात जातो.

तुला आधी कळवलं नाही, कारण तू कांगावा केला असतास.

मन धजत नव्हतं माझं. पण मग विचार केला. आपल्या घरात सगळ्यात भित्रा कोण? तू. विहिरीत डोकवायला सांगितलं तर आधी घरी जाऊन सगळ्यांचा निरोप घेऊन येणारा तू. त्या माणसानं गोळ्या सोडल्या आणि एकशे अठ्ठावीस! मग मी कशाची वाट बघतेय? तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

पहिल्या दोन दिवसांत हलकं वाटलं. आता सकाळी डोकं ठणकतं, मानेपासून वर. पाय थोडे जड झालेत. शरीरात अकरा वर्षांचं साचलेलं बाहेर पडतंय, त्याला वेळ लागणारच. तुला सुरुवातीला असं झालं होतं का? किती दिवस राहिलं? माझ्याकडे मशीन नाही, आणि दवाखान्यात मोजायला गेले तर गोळ्यांचं विचारतील.

अक्का


ता. ५ मे

अक्का,

तुझं पत्र आत्ता अकरा वाजता आलं. मी उभ्या उभ्या वाचलं आणि मशीनच्या स्टुलावर बसलो.

मी तुझं चूर्ण एक दिवसही घेतलेलं नाही. एक चमचासुद्धा नाही. डबा रिळांच्या खणात आहे, भरलेला. मी एकही गोळी सोडलेली नाही. सूज उतरली ती डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली म्हणून. एकशे अठ्ठावीस आलं ते पाच गोळ्या वेळेवर घेतो म्हणून. ती ठणक मला कधीच झाली नाही, कारण मी काहीच सोडलं नव्हतं. ते साचलेलं बाहेर पडत नाही, अक्का, ते बीपी आहे.

खरं लिहिलेलं पत्र माझ्याकडे आहे, तिकीट लावलेलं. टाकलं नाही. स्वेटरच्या वेळेसारखे आठ महिने परत येतील असं वाटलं. तू खांदा दुखवून कुटलंस, त्यावर ‘घेत नाही’ कसं लिहू? म्हणून ‘गुण आहे’ लिहिलं. मग तू गोळ्या सोडायला सांगितल्यास. वाटलं, सोडल्या असं लिहिलं की विषय मिटेल. तू स्वतः सोडशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू कधी माझं ऐकून काही केलंयस का? आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंस.

पत्र तीन दिवसांनी पोचेल म्हणून आधी चष्मेवाल्याला फोन केला. तू मला घेऊन दिलेल्या चष्म्याच्या डबीवर त्याच्या दुकानाचा नंबर छापलेला आहे. त्याला सगळं सांगितलं. तो वर गेला, खाली आला आणि म्हणाला, “त्या म्हणतात, भाऊ घाबरट आहे, त्याच्या डोक्यात सुनेनं भरवलं असेल. माझ्याकडे त्याच्या अक्षरातलं पत्र आहे, त्यात एकशे अठ्ठावीस लिहिलंय.” मी म्हटलं, अहो, ते अक्षरच खोटं बोलतंय. तो म्हणाला, “मी परत जातो, पण त्या दार लावून बसल्यात.” त्याला हात जोडून सांगितलं की रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वर जाऊन बघत जा. हो म्हणाला.

म्हणून हे त्याच अक्षरात लिहितो. गोळ्या आजपासून घे. आधी दवाखान्यात जा, मोजून घे, किती दिवस सोडल्यात ते सांग. चूर्ण बंद कर. माझ्यावर आठ महिने काय, आठ वर्षं रागाव. रागवायला तू असलीस म्हणजे झालं.

तुझ्याकडे यायला पिशवी भरली होती. मग रिकामी केली. तुझ्यासमोर उभं राहून हे सांगायची हिंमत नाही. तू लिहिलंस ते खरं आहे, घरात सगळ्यात भित्रा मीच.

धाकटा


ता. ११ मे

धाकट्या,

हे चष्मेवाला लिहितोय, मी सांगतेय. उजवा हात चालत नाही.

सहा तारखेला सकाळी कप हातातून पडला. उचलायला वाकले तर हात माझं ऐकेना. तोंडातून शब्द वेडेवाकडे यायला लागले. तेवढ्यात हा वर आला, तू सांगितलं होतंस म्हणून. नाहीतर दुपारपर्यंत कुणी फिरकलं नसतं. त्यानं मला खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं. (खुर्चीसकट नाही, पाठीवर. खुर्ची फक्त त्यांच्या आठवणीत आहे. — चष्मेवाला)

इस्पितळात मोजलं, दोनशे दहा. डॉक्टर म्हणाले, पाऊण तासात आणलंत म्हणून इतक्यावर निभावलं. जीभ सुधारलीय. पाय ठीक आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत, ती येतील किंवा येणार नाहीत.

तुझं पत्र आठ तारखेला आलं. वरातीमागून घोडं. यानं खाटेशी उभं राहून वाचून दाखवलं. सगळ्या वॉर्डानं ऐकलं, कारण माझ्या कानासाठी याला मोठ्यानं वाचावं लागतं. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, “भाऊ आहे की वैरी?” मी म्हटलं, भाऊच आहे, वैऱ्याला एवढं जमत नाही.

डॉक्टरांना चूर्णातल्या सातही जिन्नसांची नावं सांगितली. सहा नुसती लिहून घेतली. सातव्यावर थांबले. ज्येष्ठमध. म्हणाले, रोज दोन चमचे चूर्ण, त्यात एवढं ज्येष्ठमध म्हणजे बीपी चढतं, अंगात पाणी साठतं, पाय जड होतात. गोळ्या सोडल्या हे एक, आणि वर हे. बत्तीस वर्षं मी त्याची रोपं विकली आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्या चूर्णात ज्येष्ठमधाचं काही काम नव्हतं. तू कडू खात नाहीस म्हणून घातलं होतं.

आणि मीही तुला एक सांगितलं नव्हतं. ते चूर्ण मी आधी कधी कुणाला दिलं नव्हतं, स्वतःही घेतलं नव्हतं. पहिलं तुलाच पाठवलं. मनात म्हटलं, हा इतका तक्रारखोर आहे की जरा कुठे खुट्ट झालं तरी चार पानं लिहील, मग आपण थांबवू. सत्तर वर्षं तू प्रत्येक गोष्टीची तक्रार केलीस. एकदाच केली नाहीस, आणि मी नेमकी त्या एकदावर विसंबले. तेव्हा तुझं खोटं आणि माझा शहाणपणा, निम्मं निम्मं. पण बोटं माझी गेली, म्हणून राग मी धरणार.

स्वेटर टोचत होता हे मला माहीत होतं. लोकर स्वस्तातली होती.

गोळ्या आता तीन आहेत. निमूट घेते. डॉक्टर म्हणाले, गच्चीवरचा पाला हवा तर चहात घाला, पण आधी मला दाखवा. दाखवीन.

ये म्हणत नाही. तुझं तोंड बघायची मला घाई नाही. पण डाव्या हातानं गाऊनची बटणं लागत नाहीत. रोज नर्स लावते, आणि ती वरचं बटण चुकीच्या काजात घालते.

अक्का
(रागावल्या आहेत, पण सूप सगळं प्यायल्या. शुक्रवारी घरी सोडतील. — चष्मेवाला)


ता. १४ मे

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा सुनेनं हातातून काढून घेतलं.

मी शनिवारच्या सकाळच्या गाडीनं निघतो, दुपारी दोनला पोचेन. एकटा येतोय. पंधरा वर्षांत एकटा प्रवास केलेला नाही. सुनेनं पाचही गोळ्या दिवसाप्रमाणे पुड्या बांधून दिल्यात. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, तुझ्या सात जिन्नसांसकट. त्यांनी ते माझ्या कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “आजोबा, पुढच्या वेळी सतराच्या सतरा सांगा, मी ऐकीन.”

गाऊनचं कापड आणतोय, मऊ सुती, दोन रंगांत. माप माझ्याकडे जुनं आहे, पण तू बारीक झाली असशील, नवीन घेईन. समोर बटणं नाहीत, ओढली की चर्र करून उघडणारी पट्टी लावतो, एका हातानं लागते. बाही उजवीकडे जरा सैल ठेवीन. आधी कच्ची टीप घालून घालायला देईन. काचलं, ओढलं, गळ्याशी घट्ट झालं तर तिथंच सांगायचं. ‘छान आहे’ म्हणालीस तर उसवून टाकीन.

आता माझं. कालपासून झोप नाही. गुडघा डावा. गाडीत खिडकीशी बसलो की वारा लागतो, आतल्या बाजूला बसलो की मळमळतं. बीपी आज एकशे बेचाळीस, हे खरं आहे, सुनेलाही दाखवलं. आणि तू मरणार होतीस, तेही माझ्या अक्षरामुळे, याची तक्रार मी कुणाकडे करू ते कळत नाही.

तुझा,
धाकटा


ता. १७ मे

धाकट्या, डाव्या हातानं लिहितेय, हसू नकोस. पत्र चष्मेवाल्याकडे ठेवलंय, गाडीवरून आलास की तो देईल. किल्लीही त्याच्याकडेच. तू येशील तेव्हा मी हाताच्या व्यायामाला गेलेली असेन. जेवण झाकून ठेवलंय. पोटभर जेवून घे, दुपारची गोळी घे. मी आले की बोलणी खायची आहेत.

अक्का